तुझ्यासाठी काढून ठेवलेली फ्रेम

तुला पत्र लिहायचं तर मायन्यापासूनच अडतं. तू माझ्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे नावाने हाक मारायची. पण मी तुमच्या लग्नानंतर आठवड्याभरातच तुला ‘फ्रेमबाई’ म्हणायला लागले आणि तेच कायम राहिलं. तुला ते टोचायचं, हे मला माहीत होतं. तू मला ‘वन्सं’ म्हणायचीस, पण अशा सुरात की मलाही टोचावं. फिटंफाट. तर फ्रेमबाई, तू जाऊन चौदा महिने झाले. एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती लिहिते. मध्ये बोलायला तू नाहीस, तेव्हा लवकर आटपेल.

सुरुवातीपासून सांगते, कारण तुझ्याबद्दल लोक आता जे गोड गोड बोलतात ते ऐकून मला कंटाळा आला आहे. तू गोड नव्हतीस.

भावाने शाळा संपल्यावर चष्म्याच्या काचा घासायचं काम धरलं. मी कॉलेजात गेले, पुढे शिकवायला लागले, आणि तो मागच्या खोलीत मशीनपाशी बसून राहिला. पुढे स्वतःचं दुकान टाकलं. तू दुसऱ्या एका दुकानात काउंटरवर होतीस. त्याने तुझं नाव काढलं तेव्हा मी म्हणाले, “काउंटरवरची मुलगी? फ्रेमा विकणारी?” हे तुझ्या कानावर गेलं होतं. कोणी घातलं ते मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस.

लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या घरी आलीस तेव्हा मिनिटभर माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. मला वाटलं, काय आगाऊ बाई आहे.

“वन्सं, रागावणार नसाल तर एक सांगू?”

“रागावेन की नाही ते ऐकल्यावर ठरवीन.”

“ही फ्रेम तुमची नाही. तुमच्या भुवया मुळातच रागीट आहेत. त्यांच्याखाली ही जाड तपकिरी पट्टी म्हणजे दारावर पाटी लावल्यासारखं झालंय.”

“कसली पाटी?”

“आत येऊ नये.”

भाऊ हसता हसता चहा सांडून बसला. ती फ्रेम मी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून वापरत होते. जाडजूड, दोन काचांमधला भाग बोटभर रुंद, काड्या पट्टीसारख्या. ती घातली की वर्गात आपोआप शांतता व्हायची. मी तुला सरळ सांगितलं की मला माझ्या तोंडाची काळजी नाही. आणि चार दिवसांनी तुमच्या दुकानात येऊन उभी राहिले. तू एका शब्दाने चिडवलं नाहीस, हे मात्र खरं.

तुझी कामाची पद्धत त्या दिवशी पाहिली. गिऱ्हाईक बसलं की तू आरसा पालथा घालायचीस. भिंतीवर सातआठशे फ्रेमा. त्यांच्याकडे बघायचंच नाही. “सकाळपासून काय काय केलंत?” असं काहीतरी विचारायचीस आणि ते बोलत असताना त्यांच्या भुवया, गाल, नाकाची वरची बाजू बघत बसायचीस. मग उठून तीनच फ्रेमा आणायचीस. हसायला लावायचीस. हसताना गाल फ्रेमला लागले की ती बाद. खाली बघायला लावायचीस. घसरली की बाद. भुवया फ्रेमच्या वर दिसायला हव्यात, नाहीतर माणूस काय म्हणतंय ते समोरच्याला कळत नाही, असं तुझं म्हणणं. गोल चेहरा, चौकोनी चेहरा, लांब चेहरा असले तक्ते इतर दुकानांत लावलेले असतात, त्यांना तू हसायचीस. “लोक म्हणतात डोळ्यांना शोभणारी फ्रेम द्या. फ्रेम डोळ्यांवर कुठे बसते? ती नाकावर बसते. आधी नाक बघायचं.”

मी जुना चष्मा काढला, तू दिलेली रिकामी फ्रेम घातली आणि आरशाकडे हात नेला. तू आरसा बाजूला सरकवलास.

“काय बघणार? तुमचा मायनस अकरा. जुना चष्मा काढलात की तुम्हाला आरसाच दिसत नाही, त्यातलं तोंड कुठून दिसणार?”

“मग ठरवायचं कसं?”

“दुसऱ्याच्या डोळ्यांनी. आपल्यासारख्यांना दुसरा इलाज नाही.”

“आपल्यासारख्यांना?”

“माझा मायनस नऊ आहे, वन्सं. मीसुद्धा माझी फ्रेम कधी स्वतः निवडलेली नाही.”

तू मला बारीक धातूची, करड्या रंगाची फ्रेम दिलीस. मी विश्वासाने घेतली. घरी गेल्यावर शेजारीण म्हणाली, बरं नव्हतं का तुम्हाला, आता छान दिसताय. जुनी तपकिरी मी कपाटाच्या खालच्या खणात टाकली. त्यानंतर सत्तावीस वर्षं माझ्या तोंडावर काय असावं हे तूच ठरवलंस. तुझी फ्रेम कोण निवडायचं? मीच. कारण माझ्या भावाला तू कशातही छान दिसायचीस आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मी सांगायचे, “यात तू मास्तरीण दिसतेस.” “यात लबाड दिसतेस.” तू ती काढून ठेवायचीस. एकदा म्हणालीस, “तुमचं एक बरं आहे, तुम्हाला खोटं बोलायचे कष्ट घेता येत नाहीत.”

आता मुद्द्याचं.

तुझ्या नाकाच्या डाव्या बाजूला, चष्म्याचं पॅड टेकतं तिथे, लहानसं काहीतरी झालं. मसुराएवढं. खपली धरायची, पडायची, परत धरायची. तुझ्या दुकानात दिवसाला दहा माणसं नाकावरचे वळ घेऊन यायची. पॅड टोचतं, फ्रेम जड आहे, एका बाजूला कलते. तू काडी गरम करून वाकवायचीस, पॅड बदलायचीस, आणि चार दिवसांत वळ जायचा. तीस वर्षं हेच केलेलं. मग स्वतःच्या नाकावर तसलंच दिसल्यावर तू दुसरं काय समजणार होतीस?

तू मऊ पॅड लावलीस. मग त्याहून मऊ. मग फ्रेम बदललीस. मी पण शहाणी, मला दिसलं तेव्हा म्हणाले, “हलकी घे ना एखादी. आम्हाला शिकवतेस आणि स्वतःच्या नाकाला भोक पाडून घेतेस.”

“वजन डावीकडे पडतंय,” तू म्हणालीस. “डाव्या डोळ्याचा नंबर अर्ध्याने जास्त आहे, काच जाड होते.”

मग भावाने डावी काच पुन्हा घासली. कड पातळ केली. दोन महिन्यांनी अजून पातळ. तो तासन् तास मशीनपाशी बसून तुझी काच पातळ करायचा, आणि तू ती घालून म्हणायचीस, “आता बरं वाटतंय.” असं दोन वर्षं चाललं. दोन वर्षं, फ्रेमबाई. तुमच्या दोघांच्या हातात इतकी कला होती की डॉक्टरकडे जायचं कोणाला सुचलंच नाही. आणि मी, घरातली शिकलेली, मला तरी कुठे सुचलं?

एक निवृत्त नर्स वाचायचा चष्मा करायला आली. तू तिला हसायला सांगितलंस, ती हसेना. तुझ्याच नाकाकडे बघत राहिली. “बाई, हे पॅडचं नाही,” ती म्हणाली. “आजच जा.” तिने चष्मा केलाही नाही, तुला हाताला धरून उठवलं.

कॅन्सर आत हाडाकडे सरकला होता. नाक काढावं लागलं. सगळं.

मला हे लिहायला त्रास होतो, पण तू असतीस तर म्हणाली असतीस, गोल गोल बोलू नका. तर सगळं. मधोमध पांढरी पट्टी, वर दोन डोळे, आणि चष्मा ठेवायला जागा नाही. मायनस नऊची बाई आणि चष्मा घालता येईना. भावाने चष्म्याला रबरी पट्टा लावला, डोक्यामागून, पोहणाऱ्यांसारखा. तू मागच्या खोलीत जाऊन बसलीस आणि त्याला काउंटरवर पाठवलंस. तो बिचारा, ज्याला जे दिसेल ते देऊन टाकायचा. तू पडद्याच्या फटीतून बघायचीस आणि मागच्या खोलीतून काउंटरवर फोन लावायचीस. समोर गिऱ्हाईक, फोन वाजतोय, हा उचलतोय.

“ती काळी काढा त्यांच्या तोंडावरून. वरच्या रांगेतली तिसरी द्या.”

“बरं,” तो म्हणायचा, आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, “होलसेलवाल्याचा फोन होता.”

हे तूच मला फोनवर सांगितलंस आणि हसलीस. हसताना तुझा आवाज वेगळा यायचा, रिकाम्या डब्यातून आल्यासारखा. मी बोलायच्या भरात म्हणाले, “अगं त्याला करू दे ना, तू कशाला त्यात नाक खुपसतेस?” तू म्हणालीस, “नाही खुपसत, वन्सं. कबूल.” आणि पुन्हा हसलीस. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

कारण तोपर्यंत मी तुला भेटायला आलेच नव्हते. दवाखान्यात पट्टी बांधलेली असताना एकदा, तेही दारातून. त्यानंतर फोन. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, असं सांगत होते. तुमच्या दुकानाला जिना नाही.

मग तुला तो माणूस भेटला, कृत्रिम नाक करणारा. दवाखान्यातच त्याची खोली होती. तो रबरासारख्या पदार्थाचं नाक करतो, कातडीच्या रंगाचं, आणि ते चष्म्यालाच कायमचं जोडून टाकतो. चष्मा घातला की नाक येतं, काढला की जातं. नाकाची वरची कड फ्रेमच्या मधल्या भागाखाली लपते. त्यासाठी फ्रेम जड हवी, मधे रुंद हवी, काड्या जाड हव्यात, म्हणजे वजन कानांवर जाईल. आणि एकदा जोडलं की फ्रेम बदलता येत नाही.

तू भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमा धुंडाळल्यास. एकही चालेना. तू मला मंगळवारी सकाळी फोन केलास.

“वन्सं, ती तुमची पाटी आहे का अजून?”

“कसली पाटी?”

“आत येऊ नये.”

मला कळायला जरा वेळ लागला. “खणात असेल. ती जुनीपुराणी कशाला?”

“तसलं आता कोणी करत नाही. मधली रुंदी, जाडी, सगळं मला आठवतंय. तीच हवी. पुढच्या महिन्यापासून मला पुढे बसायचंय. काउंटरवर. ह्यांनी अर्ध्या गावाची तोंडं बिघडवून ठेवली.”

“भावाला पाठव, देते.”

“नको. तुम्ही घेऊन या.” मग म्हणालीस, “ते नाकवाले तात्पुरतं लावून दाखवणार. रिकाम्या फ्रेममध्ये मला काही दिसणार नाही. हे म्हणतील, छान दिसतेस. नाकवाले पण म्हणतील. बरं दिसत नसेल तर नाही म्हणणारं एक माणूस हवं तिथे.”

“मोबाइलवर फोटो काढ आणि मग बघ.”

“फोटो सपाट असतो, वन्सं. बाजूने, बोलताना, हसताना बघायला लागतं. तुम्हाला शिकवलंय मी.”

“परवा येते,” मी म्हणाले.

फ्रेम मी त्याच दिवशी शोधली. साबणाच्या पाण्याने धुतली. डाव्या काडीचा स्क्रू सैल होता, तो सुरीच्या टोकाने पिळला. रुमालात गुंडाळून कापडी पिशवीत घातली आणि पिशवी दाराच्या खुंटीला अडकवली. इथवर कोणालाही वाटेल की बाई निघालीच.

गुरुवारी नळ दुरुस्त करणारा येणार होता. तो आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी मला खरोखरच जरा कणकण होती. मग तू फोन केलास, मी म्हणाले सोमवारी. सोमवारी तू फोन केला नाहीस. मधे मी तीच पिशवी भाजी आणायला खाली काढली, फ्रेम टेबलावर ठेवली, परत आल्यावर भाजी काढून फ्रेम पुन्हा पिशवीत घातली आणि पिशवी खुंटीला लावली.

कारण गुडघे नव्हते, नळवालाही नव्हता. मला तुझ्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. आयुष्यभर मी तोंडावर बोलणारी म्हणून मिरवले, आणि तोंडाकडे बघायची वेळ आली तेव्हा घरात दडून बसले. खोटं बोलायचे कष्ट घेता येत नाहीत म्हणालीस. तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही.

नाकवाल्याची पहिली तारीख गेली. तू पुढची घेतलीस. त्याच्या आतच तुला ताप भरला आणि डोळ्याच्या कोपऱ्यापाशी सूज आली. ते परत आलं होतं. दवाखान्यात भावाने मला सांगितलं, “तिने विचारलं, वन्सं निघाल्या का.” मी विचारलं, “तू काय म्हणालास?” तो म्हणाला, “निघाली म्हणालो.” मी पोचले तेव्हा चादर वरपर्यंत ओढलेली होती. मी ती खाली केली नाही.

भाऊ अजून काउंटरवर बसतो. परवा माझी फ्रेम मोडली, तू निवडलेली शेवटची. त्याने नवी घातली, आरसा पुढे केला. मला आरशात धुकं दिसलं. “कशी दिसते?” मी विचारलं. तो म्हणाला, “छान.” मी तीच घेतली. देताना तो खाली बघून म्हणाला, “ताई, मी काच पातळ करत बसलो.” मी पण हलकी फ्रेम घे म्हणाले होते.

पिशवी अजून खुंटीवर आहे. भाजीला मी दुसरी घेतली.