अर्धंच भरलेलं वर्तुळ

प्रसूती वॉर्डात तिला सगळे मुंगीताई म्हणायचे. मुंगी चावावी तेवढंच टोचायची. जन्मजात आजार तपासायला तान्ह्या बाळाच्या टाचेतून रक्त घ्यायचं, जाड कागदावरची वर्तुळं एकेका थेंबानं भरायची, कागद वाळवून प्रयोगशाळेला धाडायचा, हे तिचं एकवीस वर्षांचं काम. दुसऱ्यांदा टोचायची वेळ क्वचितच यायची, आणि त्याचा तिला तोरा होता.

त्या दुपारी एका मुलीची टाच गार लागली. एकही वर्तुळ धड भरेना. आई हुंदके देत होती. आजी म्हणाली, "अगं बाई, एवढ्याशा जिवात रक्त असतं किती? ठेव की थोडं तिलाही."

मुंगीताई हसली. टाच दाबून काढलेला थेंब तिनं वाळत आलेल्या थेंबावरच चढवला. शिकाऊ नर्सेसना ती याच गोष्टीवरून फैलावर घ्यायची.

आठवड्यानं निरोप आला: थेंबावर थेंब पडलाय, पुन्हा रक्त पाठवा. तिनं फोन लावला. आजीनं उचलला.

"पुन्हा कशाला?"

"नमुना बिघडलाय, आजी."

"तुमचा बिघडलाय ना? आमची पोर गुणाची आहे. रडत नाही की काही नाही, नुसती झोपते."

न रडता नुसतं झोपणं हे थायरॉइड कमी असल्याचं लक्षण असू शकतं, हे मुंगीताईला ठाऊक होतं. पुढं बोलेपर्यंत फोन बंद. ड्यूटी संपवून ती त्यांच्या घरी गेली, तर कुलूप. तिसऱ्या खेपेला आजी भेटली, तेव्हा कळलं की बाळंतीण माहेरी आहे. तिथं पोचून रक्त घेईतो मुलगी सव्वीस दिवसांची झाली होती. रक्तात थायरॉइडचं संप्रेरक जवळजवळ नव्हतंच. दुधातून गोळी सुरू झाली तिसाव्या दिवशी.

डॉक्टर म्हणाले, "दोन आठवड्यांच्या आत मिळाली असती तर बरं झालं असतं. आता मेंदूची वाढ कशी होते ते बघत राहायचं."

मुलगी दीड वर्षाची झालीय. बसवली तर बसते. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला आणतात. परवा आई म्हणाली, "तुम्हीच घ्या, ताई. तुम्ही शोधत आलात म्हणून वाचली. नाहीतर कोण येतंय एवढं?"

मुंगीताईनं हातातली सुई खाली ठेवली. "तो नमुना माझ्याच हातून बिघडला होता. तेव्हाच पुन्हा टोचायला हवं होतं. तुम्ही रडत होतात, मला बघवेना."

आई उठली. मग मुलीला कडेवर घेऊन पलीकडच्या नर्सपुढे जाऊन बसली.

"दोनदा टोचावं लागलं तरी टोचा," ती त्या नर्सला म्हणाली.