सरेस मी शिजवायची

"मॅडम, जरा सरेस शिजवून आणा ना. तुम्हाला तर या वासाची आदत असेल."

विभागप्रमुख मला हे म्हणाले. माझ्या विद्यार्थ्यांसमोर. मार्चमधली सकाळ, चित्रकला विभागाचा मोठा स्टुडिओ. मधल्या चौथऱ्यावर खुर्ची मांडलेली आणि खुर्चीत दादासाहेब बसलेले. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका जुन्या सरदार घराण्यातले गृहस्थ. ऐंशी ओलांडलेली, डोक्यावर खास त्या दिवसासाठी पगडी. सर त्यांचं व्यक्तिचित्र मुलांना रंगवून दाखवणार होते. त्या दिवशी फक्त कोळशाचं रेखाटन व्हायचं होतं. कॅनव्हास तयार व्हायला आठवडा जाणार होता आणि तो तयार करण्यासाठी सरेस लागणार होता.

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग पुढची दोघं-तिघं. सरही हसले. दादासाहेबांना नीट ऐकू येत नव्हतं, तरी सगळे हसतायत म्हणून तेही हसले.

सरेस म्हणजे कातड्याचा गोंद. कातड्याचे उरलेसुरले तुकडे शिजवून काढतात. बाजारात त्याच्या तपकिरी वड्या मिळतात. त्या रात्रभर पाण्यात भिजवायच्या, मग गरम पाण्यात भांडं ठेवून सावकाश विरघळवायच्या. त्याचा पातळ हात दिल्याशिवाय कापडावर तेलरंग टिकत नाही. हल्ली डब्यातलं तयार अस्तर मिळतं, पण सरांना जुन्या पद्धतीचा फार अभिमान. पद्धत त्यांची, वास मात्र माझ्या कपड्यांना.

आम्ही चांभार. आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले, घोड्यांची खोगिरं शिवायला. फौज संपली, घोडे संपले, आम्ही इथेच राहिलो. माझा बाप पाटणकर बाजारात एका दुकानाच्या पायरीला टेकून चपला शिवतो. शाळा सुटली की मी गोरखी वाड्याकडून चालत त्याच्याकडे यायची. गिऱ्हाईक पाय पुढे करून उभं असायचं आणि मी खालून त्याचा चेहरा वहीत काढायची. खालून दिसणारे चेहरे मला चांगले जमतात, त्याचं कारण हेच.

याच विभागात मी शिकले. पहिल्या वर्षी वर्गाचे कॅनव्हास पाळीपाळीने तयार व्हायचे. माझा नंबर आला तेव्हा सरेस सगळ्यात छान उतरला. बापाने शिकवलं होतं. उकळी येऊ द्यायची नाही, बोट बुडवता आलं पाहिजे इतकंच गरम ठेवायचं. सर तेव्हा विभागप्रमुख झाले नव्हते. सगळ्यांसमोर म्हणाले, "वा, हे तर तुझ्या रक्तातच आहे." पुढच्या आठवड्यापासून आळीपाळी बंद झाली. पूर्ण वर्गाचा सरेस मी शिजवायला लागले.

मला ते कौतुक वाटलं. घरी जाऊन बापाला सांगितलंसुद्धा. आज त्याची लाज वाटते. बाकीची मुलं मॉडेलसमोर बसून चेहरे रंगवायची आणि मी मागच्या खोलीत स्टोव्हपाशी उभी असायची. चेहरे मी घरी रंगवले. आरशासमोर बसून माझाच, नाहीतर बापाचा. बाप दिवसभर वाकून दमलेला असायचा आणि बसल्या बसल्या झोपून जायचा. माझ्याकडे त्याची मिटलेल्या डोळ्यांची कितीतरी चित्रं आहेत.

शिकले, नेट पास झाले, इथेच व्याख्याता म्हणून लागले. त्या मार्चपर्यंत अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत मला एकच विषय मिळाला, 'साहित्य आणि पद्धत', तोही पहिल्या वर्षाला. कॅनव्हास ताणणं, सरेस, अस्तर, ब्रश धुणं. मला शिकवायचं होतं व्यक्तिचित्रण. त्यासाठीच मी ही नोकरी धरली होती. दर जूनमध्ये अर्ज द्यायची आणि सर दरवेळी "पाहू" म्हणायचे. व्यक्तिचित्रणाचा वर्ग ते स्वतःकडे ठेवायचे. त्या वर्षी मात्र म्हणाले होते, "माझ्याकडून आता फार वेळ उभं राहवत नाही. यंदा तुमचा विचार करतो." त्यामुळे त्या मार्चच्या सकाळी मी फार जपून वागत होते.

हसणं थांबलं. सर माझ्याकडे बघत होते. मी हलले नाही. पाय मागच्या खोलीकडे वळायला निघाले होते, इतकी सवय झालेली. मी ते रोखले.

तेवढ्यात दादासाहेबांनी विचारलं, "या कोण?"

सर म्हणाले, "आमच्याकडे सामान बघतात."

अकरा वर्षांची नोकरी. हजेरीपटावर माझी सही. परीक्षेच्या पेपरावर माझे गुण. आणि मी सामान बघते.

मी म्हटलं, "मी इथे शिकवते. आणि सर, सरेस मी शिजवणार नाही."

आवाज मोठा नव्हता. सर म्हणाले, "अहो, गंमत केली. बुरा काय मानायचं त्यात?" आणि कोळसा उचलून पगडी रेखाटायला लागले. मी वर्गाबाहेर आले. माझ्यामागे कुणीही आलं नाही.

दोन दिवसांनी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे आली. सरेस शिजवायचं काम तिच्यावर पडलं होतं. तिने विचारलं, "मॅम, कितना गाढ़ा रखना है?" पहिल्या वर्षी मी हिला शिकवलं होतं. मी सांगितलं, पातळ ठेव, उकळू देऊ नकोस. ती गेली आणि तासाभराने परत आली. "मॅम, सर बोल रहे हैं अच्छे से उबालो, गाढ़ा रखो, मज़बूत बनेगा."

चाळीस वर्षं जुन्या पद्धतीवर भाषणं दिलेल्या माणसाने एकदाही स्वतः भांडं चढवलं नव्हतं. सरेस लापशीसारखा घट्ट केला की दमट हवेत फुगतो, मग आकसतो आणि वरचा रंग घेऊन सुटतो. बापाच्या शेजारी बसणाऱ्या कुणालाही हे माहीत आहे.

मी त्या मुलीला म्हटलं, "कॅनव्हास सरांचा आहे. ते सांगतात तसं कर." मला जाऊन सरांना सांगता आलं असतं. मी गेले नाही. हेही लिहून ठेवते.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की बोलणं हिंदीतून हवापाण्यावर यायचं. माझ्याशी कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं. डबा मी मागच्या खोलीत, ताणलेल्या कोऱ्या कॅनव्हासांमध्ये बसून खायला लागले. विभागात मराठी बोलणारे आम्ही तिघं, पण माझ्याशी मराठीतून बोलायचं बाकी दोघांनी सोडलं. ग्वाल्हेरात मराठी माणूस भेटला की आधी आडनाव विचारतो. आडनाव कळलं की पुढचं वाक्य बहुतेक वेळा हिंदीतच येतं. त्याची मला लहानपणापासून सवय होती. तरीही या वेळी ते फार लागलं.

सगळ्यात जास्त लागलं ते बापाचं बोलणं. त्याला सगळं सांगितलं. तो आरी बाजूला ठेवून ऐकत होता. मला वाटलं, आता हा मला जवळ घेईल. तो म्हणाला, "शिजवून दिला असता तर काय बिघडलं असतं, बेटा? पक्की नोकरी आहे." मग आरी उचलून पुन्हा टाके घालायला लागला. त्याचा दोष नाही. त्याने आयुष्यभर लोकांचे पाय धरून मला खुर्चीवर बसवलं होतं आणि ती खुर्ची हलताना त्याला दिसत होती. पण त्या संध्याकाळी सराफा बाजारातल्या गर्दीतून घरी येताना मला कळलं, की हे मी एकटीने केलंय आणि पुढेही एकटीलाच करायचंय. मी रडले. लोक बघत होते, बघू दिलं.

एप्रिलमध्ये दादासाहेबांचं चित्र जुन्या घराण्यांच्या एका सभागृहात लागलं. हार, पेढे, सरांचा सत्कार. मला बोलावणं नव्हतं. मी फोटो कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिले. पगडी सुरेख आली होती. डोळे चुकले होते, एक जरा वर, एक खाली.

ऑगस्टमध्ये चित्र परत आलं. दादासाहेबांच्या मुलाने ते चादरीत गुंडाळून पाठवलं होतं. सरांनी मला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "बसा." अकरा वर्षांत त्या खोलीत मला कधी बसायला सांगितलं नव्हतं.

चादर उघडली. उजव्या गालावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटला होता. पगडीलाही भेगा पडल्या होत्या.

"दमट हवेने झालं," सर म्हणाले. "तुमच्या हाताला या कामाची जाण आहे. घरी घेऊन जा, आठवड्यात नीट करून द्या. डोळ्यांचंही जमलं तर बघा. आपल्यातली गोष्ट आपल्यातच राहील." मग म्हणाले, "व्यक्तिचित्रणाचा वर्ग या सत्रापासून तुमचा. ऑर्डर आजच काढतो."

आपल्यातली. हा शब्द त्यांनी माझ्यासाठी पहिल्यांदा वापरला.

मला तो वर्ग हवा होता. किती हवा होता ते सांगताही येणार नाही. मी चित्रावर वाकले तेव्हा हात आपोआप पुढे गेला. काय करायचं ते मला दिसत होतं. सुटलेल्या रंगाखाली कोमट, पातळ सरेस सोडायचा, वर कागद ठेवून हलकं वजन द्यायचं, मग गालाचा रंग जुळवायचा. डोळे तर मी एका बैठकीत नीट केले असते. म्हातारा खरंच सुंदर दिसला असता. सही सरांची राहिली असती आणि जूनपासून शिक्षकाची वाट बघत असलेल्या मुलांसमोर मी चौथऱ्याशी उभी राहिले असते.

मी म्हटलं, "करीन. पण घरी नाही. स्टुडिओत करीन, मुलांसमोर, शिकवत शिकवत. आणि चौकटीखाली लिहायचं की चेहरा मी पुन्हा रंगवला. माझं नाव, आडनावासकट."

 सर म्हणाले, "ते कसं शक्य आहे? दादासाहेब काय म्हणतील? तुम्ही समजदार आहात."

"मग मी करणार नाही."

"एवढ्याशा नावासाठी वर्ग घालवाल?"

मी उठले. चादर होती तशी नीट गुंडाळून ठेवली, कारण चित्राने माझं काही वाकडं केलं नव्हतं. दार मी स्वतः उघडलं आणि बाहेर पडताना उघडंच ठेवलं.

वर्ग बाहेरून आणलेल्या एका तरुण व्याख्यात्याला मिळाला. चांगला मुलगा आहे, मला नमस्कार करतो, चेहरे काढता येत नाहीत. माझा डबा अजून एकटीचाच असतो. ती सरेस शिजवणारी मुलगी समोर आली की मान खाली घालते. बाप विचारत नाही आणि मीही सांगत नाही. नाकारल्यावर कुणीतरी आपल्या बाजूने उभं राहतं असं मला वाटायचं. माझ्या बाजूने कुणी उभं राहिलं नाही.

या जूनमध्ये मी पुन्हा अर्ज केला. या वेळी 'विचार व्हावा ही विनंती' असं लिहिलं नाही. मला हा वर्ग इतकी वर्षं का दिला नाही याचं लेखी कारण मागितलं. सरेसाची गोष्ट लिहिली, बंद दारामागची गोष्ट लिहिली, तारीख टाकली. आवक-जावकच्या खिडकीवर बाबू म्हणाला, "रख जाइए मैडम, लगा देंगे." मी म्हटलं, "शिक्का आत्ता लावा." दुसऱ्या प्रतीवर शिक्का उमटेपर्यंत मी खिडकी सोडली नाही.

उत्तर आलेलं नाही. आलं नाही तर पुढच्या जूनमध्ये अर्ज, त्याच्या पुढच्या जूनमध्येही अर्ज, आणि दरवेळी एक प्रत वर, कुलगुरूंकडे. निवृत्तीपर्यंत माझे जेवढे जून उरलेत तेवढे अर्ज जातील. पण दार लावून, दुसऱ्याच्या सहीखाली, मी आता एकाही चेहऱ्याला हात लावणार नाही.