निळ्या ठिपक्यासोबत

जळगावात भर दुपारी आमची गाडी दारासमोरून चोरीला गेली. अलार्म वाजलाच नाही, पण गाडीत लपवलेल्या जीपीएसचा निळा ठिपका मोबाईलवर सरकत होता. पोलिसांना कळवून मी ओट्यावर आबांशेजारी बसलो. दृष्टी अधू झाल्यापासून माझे वडील घराबाहेर पडले नव्हते. मी गावं वाचत गेलो, धरणगाव, अमळनेर, आणि ते डोळे मिटून तिथली झाडं, विहिरी सांगत राहिले. गाडी चोराच्या हाती आहे हे मी मधूनमधून विसरतच होतो. ठिपका शिंदखेड्याकडे वळला तसे आबा हळूच म्हणाले, "हाई तर मना गावनी वाट शे."

संध्याकाळी पोलिसांना गाडी आबांच्या गावच्या त्याच वाटेवर सापडली. ती आणायला निघालो, तर आबा चपला घालून दारात उभे होते.