नैवेद्यावर ओतलेलं इंजिन ऑइल

मूर्खपणा आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी दया यायला नको. मी एका म्हातारीच्या नैवेद्यावर गाडीचं इंजिन ऑइल ओतलं. शुद्धीत, दिवसाढवळ्या, आणि वर स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन.

भूतबाधा, करणी असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. कुणा बाईच्या अंगात आलं की मी म्हणायचे, "आधी हिमोग्लोबिन तपासा तिचं." नातवंडं अजून माझी नक्कल करतात.

गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. नुकतीच रिटायर होऊन वसमतला घरी बसले होते... म्हणजे बसवत नव्हतं. पुण्याच्या भाच्यानं नॉर्वेच्या एका दिग्दर्शिकेला माझा नंबर दिला. मारेन तिचं नाव. तिला हळदीच्या शेतात सिनेमा करायचा होता. परमुलखात शूटिंग म्हटलं की तिथलं एक माणूस लागतं — जागा शोधणारं, परवानग्या काढणारं, जेवणाची-गाडीची सोय बघणारं. त्याला म्हणे फिक्सर म्हणतात. आपल्याला नॉर्वे परदेश, तिला आपला वारंगा फाटा परदेश!

तीन महिने व्हिडिओ कॉल चालले. अठ्ठावन्न वर्षांची ही बया, म्हणजे मीच, काय तोऱ्यात होती म्हणून सांगू! व्हॉट्सअॅपवर नावाखाली 'लोकेशन कोऑर्डिनेटर'. उन्हात गॉगल, सावलीतही गॉगल. एका कॉलवर मारेन हसत म्हणाली, आमच्याकडे जाहिरातीत पदार्थावर मध-बिध ओतत नाहीत, मशीनचं तेल ओततात — मुरत नाही, चकाकतं. झालं. या बयेनं ते डोक्यात पक्कं नोंदवून ठेवलं.

फेब्रुवारीत मारेन आणि तिचा कॅमेरामन जागा बघायला आले. आखाडा बाळापूरजवळ गयामावशीचं शेत मी ठरवून ठेवलं होतं. मावशी सत्तरीची, एकटीच्या हिमतीवर शेत करणारी. तिचा मुलगा माझा विद्यार्थी, म्हणून ती मला 'बाई' म्हणायची. त्या दिवशी तिची हळद शिजायला लागणार होती. जाळ लावायच्या आधी बांधावरच्या शेंदूर लावलेल्या दगडाला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा, ही त्यांच्या घरची रीत. मारेनला नेमकं तेच हवं होतं.

"फोटू काढा किती बी," मावशी म्हणाली, "पन ताटाला हात लावू नका बरं, बाई. म्या पानी घेऊन येते."

ती विहिरीकडे गेली. कॅमेरात पोळी उठून दिसेना. तूप मुरून गेलेलं, पोळी सुकी, मातकट. मारेननं नकारार्थी मान हलवली. आणि मला वाटलं, गेलं आपलं कोऑर्डिनेटरपण! जीपमध्ये नव्या ऑइलचा डबा होता. नवं ऑइल मधासारखं सोनेरी असतं. दोन पळ्या ओतल्या. पोळी अशी झळकली, की कॅमेरामननं अंगठा दाखवला.

मावशी परत आली. कुंकवाचं बोट लावलं, तेच ताट उचलून दगडापुढे ठेवलं, डोळे मिटले. "लेकरायला सुखी ठिव, हळदीला रंग दे." मी दोन हात अंतरावर होते. 'मावशी, थांबा' हे दोन शब्द तोंडात होते. गिळले.

तासाभरानं बघितलं तर ताट लख्ख. चाटूनपुसून. कुत्रं असेल, म्हटलं, आणि कुठं मरून पडलंय का म्हणून चोरून बांध धुंडाळला. काही नाही.

मग मावशीनं आम्हाला जेवायला वाढलं. दुसऱ्या परातीतल्या पोळ्या, कढईतली ताजी आमटी. मारेन बोटं चाटत होती. मी पहिला घास घेतला... आणि तोंडभर ऑइल. चव म्हणू नका, अख्खं गॅरेज म्हणा. बुळबुळीत, जिभेला चिकटून घशात ओघळणारं. उठून शेजारच्या उसात जाऊन ओकले. हाताला लागलं असेल म्हणून राखेनं हात घासले. दुसरा घास — तेच.

घरी भात, तेच. ताक, तेच. केळं स्वतः सोलून खाल्लं, आत तेच! साध्या पाण्यावरही जिभेला तवंग लागायचा. आठव्या दिवशी मी रुमालानं तोंड पुसलं, तर त्यावर पिवळा, पारदर्शक डाग. सुनेनं रुमाल नाकाशी नेला आणि लांब फेकला.

"आई, याला गॅरेजचा वास येऊन राहिला हो! काय खाल्लं तुमी?"

म्हणजे भास माझ्या एकटीचा नव्हता. नांदेडच्या डॉक्टरांनी घसा तपासला, पोट तपासलं, डोक्याचा स्कॅन काढला. सगळं नॉर्मल. सलाइनवर किती दिवस ठेवणार, आता नाकातून नळी घालावी लागेल, म्हणाले. नऊ किलो उतरले होते. आरशात बघितलं की स्वतःचीच किळस यायची. आणि खरं सांगू, ती निव्वळ तोंडाची नव्हती. डोळे मिटले की मावशीचे मिटलेले डोळे दिसायचे.

बाराव्या दिवशी मुलाच्या नकळत बस धरली. मावशी अंगणात हळद वाळत घालत होती. उभ्या उभ्याच सगळं ओकले... शब्दांनी. ऑइल, पळ्या, गप्प राहणं, तोंडातली ती चव. ती शिव्या देईल म्हणून वाट बघत राहिले. तिनं हात धुतले, आत गेली, भाकरी आणि पिठलं आणून माझ्यापुढे ठेवलं.

"खा आधी. हाडं निघाली की वो बाई तुमची."

भीत भीत घास घेतला. तिखट. बेसन. लसूण. करपलेली भाकरी! अडीच भाकरी खाल्ल्या, रडत रडत, नाक पुसत.

त्यानंतर कधीच ती चव आली नाही. मारेनचा सिनेमा पुढे दुसऱ्याच देशात झाला, मला त्याचं सोयरसुतक नाही. अपराधी मनाचा खेळ, असं शाळेतल्या बाई अजूनही माझ्या आत बसून सांगतात. असेल. मग रुमालावरचा डाग कुणाच्या मनाचा? मला उत्तर सापडलेलं नाही, आणि निघताना मावशी जे बोलली त्यानंतर शोधायचा धीरही उरला नाही. मी एवढंच विचारलं होतं की ते ताट खाऊन कुत्रं आजारी तर पडलं नाही ना. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते:

"कुत्रं? कुत्र्याला कोन देईल, बाई? निवद घरच्या बाईनंच खायचा असतो. म्याच खाल्ली की ती पोळी, ताट पुसून. लई ग्वाड लागली मला तर... तुमच्याच तोंडाला काहून त्येलाची चव आली?"