आजोबांनी लावलेले दिवे

पंच्याऐंशी सालच्या हिवाळ्यात बोरिवलीहून खाडी ओलांडायला निघालो, तर धक्क्यावरच माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, चप्पल चिखलात रुतून राहिली. वय सत्तर, पण माघार नाही. दुसरीही काढून त्यांनी पिशवीत टाकली आणि अनवाणीच होडीत चढले.

मालवणहून आलेले आमचे आजोबा, तातू, गोराईपलीकडच्या कोळीवाड्यात बत्तीवर (दीपगृहावर) दिवा लावत, असं अण्णांचं म्हणणं. धाकटे काका त्यांची टर उडवत. "तातू तिथे भात शिजवायचा. त्याने कसले दिवे लावले?" आजोबा गेले तेव्हा दोघेही भाऊ लहान, त्यामुळे हा वाद वर्षानुवर्षं रंगत आलेला. अण्णांना मात्र डोळे मिटायच्या आत खरं काय ते कळायला हवं होतं. मला रविवार फुकट जाण्याची धास्ती.

पलीकडे टांगा मिळाला. दोन्ही बाजूंना वालांडांवर (बांबूंच्या मांडवांवर) बोंबील वाळत होते, आणि पुढे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मनोरा. तिथला कर्मचारी भला माणूस होता.

"हा मनोरा नंतरचा. आधी खडकावर लाकडी खांब होता, त्यावर तेलाचा कंदील," तो म्हणाला. "पण लावायचं कोण, ते काय माहीत नाय."

अण्णांचा चेहरा उतरला. इतक्या लांब आणल्याबद्दल ते माझीच माफी मागू लागले, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

जवळच्या झोपडीतल्या कोळीण आजींनी आम्हाला बसवून घेतलं. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी अशी जमली होती, की मी तिसरी भाकरी मागून घेतली. ऊन उतरलं, मनोऱ्यावर उजेड फिरू लागला. आजींनी सुनेला हाक मारली, "अगो, जाली (जाळी) आवर. तातू पेटला."

अण्णांचा घास हातातच राहिला. "तातू कोण?" मी विचारलं.

"कोण म्हंजे? ही बत्ती. आमी तिला तातूच बोलतो. माझा बा सांगायचा, कंदील लावणारा होता कोणी तातू. वादळात पण चुकला नाय."

"माझो बापूस (वडील) तो," अण्णा म्हणाले आणि रडू लागले. आजींनी काही न विचारता त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

परतताना काकांना कसं गप्प करायचं, याचे बेत मी आखत होतो. अण्णांना त्यात गोडी उरली नव्हती. होडीवाल्याने सहज विचारलं, "काका, कुठे फिरून आलात?"

"बापाशीक भेटूक गेल्लंय," अण्णा म्हणाले.