आक्काचे पांढरे दात

माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, दात पाहून एक बाई नाक मुरडून गेली होती. एवढी वर्षं झाली, त्याचा राग मला अजून येतो.

निजामाचं राज्य होतं आणि आम्ही औरंगाबादेत छावणीजवळ राहत होतो. पण लहानपण गेलं बिडकीनकडच्या एका गावात. तिथल्या विहिरीचं पाणी असं की निम्म्या गावाच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. गावात त्याचं कुणाला काही वाटत नसे.

आक्काला बघायला आलेल्या मुलाच्या आईने मात्र पोह्यांची बशी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "दात असे कामून? पोरगी कुवारपणीच मिश्री लावती का काय?"

हे विचारणाऱ्या बाईचे स्वतःचे दात दातवणाने डांबरासारखे काळेकुट्ट होते! पण ते लग्न झालेलीचं लेणं. हिराकस, मायफळ घालून केलेली ती काळी पूड सवाष्णीने दातांना लावली की शोभा; कुवार पोरीने दात रंगवले की तिची चाल वाईट. आई हात जोडत म्हणाली, "नाय वो, हिरीचं पाणीच तसं हाय."

"महिन्यानं येतो. दात पांढरे दिसले तर फुडचं बोलू."

झालं. आमच्या घरात आक्काच्या तोंडावर मोहीम सुरू झाली. आरसा धरायचं काम माझ्याकडे. आधी राखुंडी. तिने दात स्वच्छ झाले, पट्टे जागच्या जागी. मग लिंबू आणि मीठ. तासभर दात खडूसारखे दिसत, थुंकीने ओले झाले की पुन्हा तेच, वर दात शिवशिवायचे ते वेगळं. विटेच्या वस्त्रगाळ चुऱ्याने फक्त हिरड्यांतून रक्त आलं. वडिलांनी छावणीच्या बाजारातून पांढऱ्या मंजनाचा विलायती डबा आणला. डब्यावर हसणारी मडम होती. तोंडाला वास छान यायचा, बस्स. मडम डब्यावर हसत राहिली, डाग आमच्याकडे राहिले.

शेजारच्या खाला भिंतीवरून सगळं बघत होत्या. एकदा न राहवून आईवर ओरडल्या, "दातां हैं या देगचियां? कित्ता घिसते तुम लोगां!"

दात पातेल्यांसारखे घासू नका म्हणणारं तेवढं एक शहाणं माणूस आमच्या आसपास होतं. त्यांचं कुणी ऐकलं नाही.

शेवटी बाजारात बसणाऱ्या एका वैदूने बाटली दिली. आत तेजाबाचं पाणी होतं. काडीला कापूस गुंडाळून आईने ते एकेका दाताला लावलं. आक्काच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मी आरसा धरून होते आणि मला तर आनंद झाला होता, कारण पट्टे खरंच जात होते. डागांबरोबर दातांची चकाकीही निघून गेली, हे आम्हाला कळलंच नाही.

बाई आली. आक्काला हसायला सांगितलं. पसंत पडली. लग्न झालं.

पंचमीला आक्का माहेरी आली. दारात मला बघून हसली आणि मी जागीच थांबले. सगळे दात काळे! सासूने सोळाव्या दिवशी, पाच सवाष्णी बोलावून, स्वतःच्या हाताने दातवण लावलं होतं.

आई तर कौतुकाने बघत राहिली. म्हणाली, "लई शोभतंय गं."

मी भडकले. "काळेच करायचे होते, तर पांढरे कामून केले? तेजाब कामून लावलं?"

"गप बस. रीत असती," आई म्हणाली.

कसली डोंबलाची रीत! पंधरा दिवस मिरवायला त्यांना पांढरे दात हवे होते, आणि त्यासाठी आम्ही आमच्याच पोरीचे दात जाळले. त्या बाईपेक्षा मला आमचाच राग जास्त येतो, आणि आरसा धरून खूश होणाऱ्या माझा सगळ्यात जास्त.

आक्का मात्र कुणावर चिडली नाही. उन्हातून चालत आली होती म्हणून मी माठातलं गार पाणी तिच्यापुढे धरलं. तिने तांब्या ओठांपर्यंत नेला आणि तसाच परत माझ्या हातात दिला.

"जरा कोमट करून आण गं," ती म्हणाली. "गार आता सोसत नाय."