बोअरमधून वाफ निघाली तेव्हा

यंदाच्या थंडीत शेजारच्या नव्या बोअरमधून सकाळी वाफ निघायला लागली. त्याच आठवड्यात जमिनीखालून गडगडल्यासारखा आवाज आला होता, मांडणीवरची भांडी वाजली होती. तेवढ्यावर गावात बातमी झाली, खाली ज्वालामुखी जागा झालाय.

मी अंबाजोगाईला कॉलेजात भूगोल शिकते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. सुट्टीला आले होते. वडिलांनी मला बोअरपाशी नेलं आणि जमलेल्या माणसांना म्हणाले, "हिला इचारा. ही तेच शिकतीय."

मी चाचरतच सांगितलं, की आपला हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हाच आहे.

"मंजी चुलीवरच बसलोत की आपून!" चुलते म्हणाले.

"न्हाई काका, ती चूल कवाच इझली. साडेसहा कोटी वर्षं झाली."

"कोण गेलतं मोजायला?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

खोलातलं पाणी कोमट असतं, थंड हवेत त्याची वाफ दिसते, एवढं मात्र लोकांना पटलं. वडील खूश झाले.

"मंग बाळंतीण घरातच ऱ्हाऊ द्या," ते मोठ्यानं म्हणाले. "पोरगी सांगतीय, भ्यायचं काम न्हाई."

ताई बाळंत होऊन आठवडाही झाला नव्हता. बाळाची झोळी दगडमातीच्या खोलीत आढ्याला बांधली होती. पुन्हा हादरा बसला तर भिंती अंगावर येतील, ताईला पत्र्याच्या शेडमध्ये हलवा, असं लोक म्हणत होते. थंडीमुळे वडील तयार नव्हते.

"दादा, ज्वालामुखी न्हाई," मी वडिलांना म्हणाले. "पण जमीन पुन्हा हालंल का, ते मला न्हाई सांगता येत."

"आत्ता तर सांगितलंस की!"

"ते ज्वालामुखीचं होतं."

"मंग लई शिकलीस म्हणायची," चुलते म्हणाले. पुन्हा हशा झाला. वडील हसले नाहीत. ते खाली बघत राहिले. शिकलेल्या माणसानं 'माहीत नाही' म्हणायचं नसतं, असं खरं तर मलाही वाटत होतं. कान तापले होते. चारचौघांत त्यांचा शब्द मीच खाली पाडला होता.

घरी आल्या आल्या वडिलांनी बाळाला ताईच्या मांडीवर दिलं, आढ्याची झोळी सोडली आणि शेडच्या फटींना गोणपाट लावायला घेतलं.

"धर हितं," म्हणाले.

मी टोक धरलं. त्यांच्याकडे बघायचा धीर मात्र झाला नाही.